टाक्यांवर हळद लावायची का?

गटाच्या बैठकीत प्रश्न आला होता. अकोटहून नागपूरला नेऊन सासूबाईंना पेसमेकर बसवला, आता टाक्यांवर हळद लावायची का? उत्तर 'नाही' आहे. का नाही, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

हृदयाचे ठोके मंद पडले की विजेचा बारीक झटका देऊन ते चालवणारं यंत्र म्हणजे पेसमेकर. शरीरात पहिला बसला 8 ऑक्टोबर 1958 ला, स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये. आर्ने लार्सन यांची शुद्ध दिवसातून वीस-तीसदा हरपायची. त्यांची बायको एल्स-मारी हिनं सर्जन सेनिंग आणि इंजिनिअर एल्मक्विस्ट या दोघांचा पिच्छाच पुरवला. शेवटी एल्मक्विस्टनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून यंत्र ओतलं. ते काही तासच चाललं. पण लार्सन 2001 पर्यंत, म्हणजे 86 वर्षं जगले. तोवर त्यांची 26 यंत्रं झाली!

यंत्र बदलायचं म्हणजे कातडी पुन्हा उघडायची, आणि धोका तिथंच असतो. आपल्या कातडीवरचे जंतू आत गेले की यंत्राला शेवाळासारखे चिकटून बसतात. मग औषध तिथवर नीट पोचत नाही. बहुतेकदा यंत्र आणि तारा, सगळंच काढावं लागतं.

त्यावर उपाय काय? ब्राझीलच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये 649 रुग्णांवरचा अभ्यास छापला. निम्म्यांना चिरा द्यायच्या आधी अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन दिलं, बाकीच्यांना नुसतं पाणी. इंजेक्शनवाल्या 314 जणांत दोघांना संसर्ग झाला, उरलेल्या 335 मध्ये अकरा जणांना. फरक इतका दिसला की अभ्यास मधेच थांबवला.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. ज्यांना नवं यंत्र परवडत नव्हतं, अशा 53 जणांना तिथल्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये वापरलेले पेसमेकर बसवले. ते अमेरिकेतल्या मृत माणसांच्या शरीरातून, घरच्यांच्या संमतीनं काढलेले होते. ऐकून अंगावर काटा येतो ना? आम्हालाही आला. शंभरावर यंत्रं जमली, पण बॅटरी पुरेशी उरलेली तेवढीच घेतली. असं यंत्र उकळून चालत नाही, खराब होतं. म्हणून धुऊन-पुसून वायूनं निर्जंतुक करतात. 2011 मध्ये निष्कर्ष आले: एकालाही संसर्ग नाही. त्यातल्या बाया, बहुतेक घर सांभाळणाऱ्या, पुन्हा घरकामाला लागल्या. अमेरिकेत मात्र अशी यंत्रं पुन्हा वापरायला परवानगी नाही.

मेलेल्या माणसाचं यंत्र स्वच्छ केलं तर चालतं, आणि नवंकोरं यंत्र आपल्या हळदीच्या बोटानं धोक्यात येऊ शकतं. डब्यातली हळद भाजीला चांगली, पण ती काही निर्जंतुक नसते. तूप, राख, झाडपाला यांचंही तेच. जखम कोरडी ठेवा. डॉक्टर सांगतील तेव्हाच पट्टी काढा, तीही हात साबणानं धुऊन. साखरेचा आजार असेल तर गोळ्या चुकवू नका.

जागा लाल झाली, सुजली, पाणी किंवा पू आला, नाहीतर ताप भरला, तर यंत्र बसवलं तिथंच परत न्या. वर्ष उलटून गेलं असलं तरी. सूज दिसली म्हणून कुणाला सुईनं पाणी काढू देऊ नका. त्या सुईनंच जंतू आत जातात. आणि यंत्राचं कार्ड सोबत घ्या. ते पेटीत तळाशी नको, रेशनकार्डाजवळ ठेवा.