काचेची नळी, सायकलची ट्यूब आणि सर्पगंधा

रक्तवाहिन्या कडक होण्याचा आजार आजच्या राहणीने आणला, असे आपण सर्रास म्हणतो. पण 1911 साली मार्क आर्मांड रफर यांनी इजिप्तमधील ममींच्या धमन्या तपासल्या, तेव्हा हजारो वर्षांपूर्वीच्या त्या देहांतही धमन्यांच्या भिंतींवर कॅल्शियमचे थर सापडले. आजार जुनाच आहे. नवे आहे ते त्याचे एक मोठे कारण, रक्ताचा दाब, आकड्यात पकडणे. आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत अंगठ्याच्या मुळाशी नाडी पाहण्याचे वर्णन आहे. जाणत्या बोटांना नाडीचा वेग, लय, जोर कळे. मात्र तो जोर नेमका किती, हे बोटे सांगू शकत नसत.

ते मोजण्याचा पहिला प्रयत्न पाहण्यासाठी आपण 18व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊ. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांना मोजमापाचे विलक्षण वेड होते. झाडांतला रस किती जोराने वर चढतो, तेही त्यांनी मोजले होते. त्यांनी एक घोडी उताणी बांधली, तिच्या मांडीतील धमनीत पितळी नळी बसवली आणि त्या नळीला नऊ फुटी काचेची नळी उभी जोडली. रक्त 8 फूट 3 इंच चढले आणि प्रत्येक ठोक्यासरशी खालीवर होत राहिले. आजच्या मापात हा दाब सुमारे 190 भरेल. रबरी नळ्या अजून यायच्या होत्या, म्हणून पुढच्या एका प्रयोगात लवचीक जोडणीसाठी त्यांनी पक्ष्याची श्वासनलिका वापरली. 1733 साली हे सारे ग्रंथरूपाने आले. प्रयोग क्रूर होता यात शंका नाही. माणसावर तो करण्याचा प्रश्नच नव्हता. 1828 साली प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाने रक्तापेक्षा कितीतरी जड असा पारा वापरला आणि हेल्सची नऊ फुटी नळी वीतभरावर आली. आपला डॉक्टर ‘वरचे 130’ म्हणतो, ते आजही पाऱ्याचे मिलिमीटरच असतात.

धमनी न कापता दाब मोजण्याचे प्रयत्न 19व्या शतकात बरेच झाले. सोपी युक्ती साधली ती 1896 साली, इटलीतील तुरिन शहरात. शिपिओने रिव्हा-रोची या डॉक्टरांनी सायकलच्या ट्यूबचा रबरी पट्टा करून दंडाभोवती गुंडाळला, पाऱ्यासाठी शाईची दौत घेतली आणि पट्ट्यात हवा भरत मनगटाची नाडी थांबेपर्यंत वाट पाहिली. त्या क्षणी पारा जिथे असेल तो वरचा आकडा. खालचा आकडा मिळायला 1905 साल उजाडले. सेंट पीटर्सबर्गचे निकोलाय कोरोत्कोव्ह हे सैन्यातले शल्यचिकित्सक. जखमी सैनिकाची मुख्य धमनी बांधली तर हात-पाय वाचेल का, हे ओळखण्यासाठी ते रक्तवाहिन्यांवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत. हवा सोडताना पट्ट्याखाली टकटक सुरू होते तो वरचा दाब आणि ती विरते तो खालचा, हा त्यांचा शोध जेमतेम पानभर मजकुरात मावला. पुढे शंभर वर्षे दवाखाने त्यावर चालले.

आकडा हाती आला, पण त्याचे करायचे काय, यावर एकमत नव्हते. विमा कंपन्यांना तो फार लवकर पटला. ज्याचा दाब जास्त, तो लवकर मरतो, हे त्यांचे हिशेब सांगत होते. नामवंत वैद्य मात्र उलट म्हणत: धमन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, तो उतरवाल तर रोगी दगावेल. हा तर्क ऐकायला चोख होता आणि त्यापायी कित्येक जीव गेले, असे मला वाटते. 12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब 300 वर 190 नोंदला गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसालाही देता येईल असे धड औषध नव्हते. तीनच वर्षांनी, 1948 मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम गावी 5209 स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली. वाढलेला दाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध आज आपण गृहीत धरतो. तो तिथे हळूहळू उलगडला.

औषधाचा धागा मात्र आपल्या मुंबईतून जातो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना फार जुनी. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती दाब उतरवते असे लिहिले, तरी पश्चिमेने लक्ष दिले नाही. 1949 साली मुंबईचे हृदयतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचे डोळे उघडले. 1952 मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले. 1957 साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनने काही रोग्यांना खिन्नता येई, त्यामुळे पुढे ते मागे पडले. पण त्याआधी त्याने एक मोठे काम केले. 1967 साली एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकी माजी सैनिकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. खालचा दाब 115 ते 129 असलेले 143 पुरुष. निम्म्यांना रेसर्पिनसह तीन औषधे, उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्यांत गंभीर घटना 27, औषधवाल्यांत 2. दाब उतरवला की रोगी दगावतो, हा समज त्या दिवशी संपला.

आता पारा दवाखान्यांतून हद्दपार होत आहे. 2017 पासून लागू झालेला, पाऱ्याविषयीचा मिनामाता करार त्यामागे आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या काही राज्यांत होता. तेव्हा तिशी ओलांडली असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन बीपी बघून घ्या. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू टाळा, पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसा, पट्टा उघड्या दंडावर बांधू द्या. आकडा पुन्हा पुन्हा 140 वर 90 किंवा त्याहून जास्त आला, तर त्रास काहीच नाही म्हणून गोळ्या टाळू नका. आणि लोणचे-पापड धरून दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवा.