दोराचे टोक

शिवणाचा दोरा घ्या. त्याच्या मधोमध एक साधी गाठ मारा आणि दोन्ही टोके धरून जोराने ओढा. दोरा कुठे तुटेल? दहा-बारा वेळा करून पाहिले तर बहुतेक वेळा तो गाठीपाशीच तुटलेला दिसेल. गाठीत दोरा एकदम वळतो. त्या वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या धाग्यांवर जास्त ताण येतो, ते आधी तुटतात आणि मग बाकीचे.

वर्गात पाच मिनिटांत होणाऱ्या या प्रयोगात एक जुना पेच दडलेला आहे. दोर कितीही मजबूत असला तरी तो कशाला तरी बांधावाच लागतो, आणि बांधला की तिथेच कच्चा होतो. विमानाची सुकाणू हलवणाऱ्या तारांच्या बाबतीत हा पेच जिवावर बेतणारा ठरतो. तो कसा सुटत गेला, ते आपण पाहू.

साखळीकडून तारदोराकडे

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या हार्ट्स डोंगरातल्या खाणी बऱ्याच खोल गेल्या होत्या. खनिज वर ओढायला वनस्पतींच्या धाग्यांचे दोर किंवा लोखंडी साखळ्या वापरत. दोर ओलाव्याने कुजत. साखळीचे दुखणे वेगळे होते. शेकडो कड्यांपैकी एक कच्ची निघाली की सगळा भार खाली, आणि तोही आगाऊ सूचना न देता. क्लाउस्थालचे खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये यावर उपाय काढला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार लोखंडी तारांचा एक पेड आणि अशा तीन पेडांचा एक दोर, असा तारदोर त्यांनी हाताने पीळ देऊन करवून घेतला.

या दोरामागचा विचार मोलाचा आहे. साखळीत कड्या एकापुढे एक असतात, म्हणून सगळी मदार सर्वांत कच्च्या कडीवर. तारदोरात तारा शेजारी शेजारी असतात. एक तुटली तर भार उरलेल्या तारा उचलतात, आणि तुटलेली तार बाहेर डोकावून आपल्याला सावध करते. पण हे सारे दोराच्या मधल्या भागाला लागू. टोकाशी सगळ्या तारांचा भार एकाच सांध्यातून जातो. म्हणजे आल्बर्ट यांनी साखळीची जी कच्ची कडी काढून टाकली, ती टोकापाशी पुन्हा हजर!

तारांवर चालणारे विमान

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा चालक पालथा झोपून ते चालवत होता. त्याच्या कमरेखाली एक सरकता पाळणा होता. कंबर डावी-उजवीकडे हलवली की पाळण्याला जोडलेल्या तारा पंखांची टोके पिळत आणि विमानाचा तोल सावरला जाई. पुढे पंख पिळण्याऐवजी पंखांना झडपा आल्या, पण तारा राहिल्या. आजही अनेक लहान विमानांत चालकाच्या हातातला दांडा आणि शेपटीवरची सुकाणू यांच्यामध्ये कप्प्यांवरून जाणारी पोलादी केबलच असते.

अशी एक नेहमीची केबल सुमारे ३.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यात सात पेड, प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे एकूण १३३ तारा. तारा बारीक असल्यामुळे केबल कप्प्यावरून सहज वळते. जस्ताचा मुलामा दिलेली अशी केबल सुमारे ९०० किलो भार पेलते. आता प्रश्न उरतो टोकाचा. ते वितळवून जोडावे, असे आपल्या मनात येईल. पण ही तार बळकट असते ती थंड स्थितीत साच्यातून ओढून बारीक केल्यामुळे. तापवून लाल केली की ती मऊ पडते आणि तिची कमावलेली ताकद जाते.

गुंफण आणि डाख

म्हणून सुरुवातीची पद्धत आली ती जहाजांवरून. केबलचे टोक एका पन्हाळीसारख्या धातूच्या कडीभोवती, म्हणजे थिंबलभोवती, वळवायचे. मग पेड सुटे करून ते मूळ केबलच्या पेडांमध्ये एकेक करून ओवायचे. असे पाच फेरे घालून वरून दोरा गुंडाळायचा. थिंबलमुळे वळण मोठे आणि गोलसर राहते, म्हणून गाठीचा दोष टळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या तारा जुळवणाऱ्या कारागिराला 'रिगर' म्हणत, आणि अशी गुंफण हे त्याचे रोजचे काम होते.

हे काम हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. शिवाय उत्तम गुंफणही केबलच्या मूळ ताकदीच्या ७५ टक्केच धरली जाते. कमी लवचीक केबलींसाठी दुसरा मार्ग होता: टोक वळवून त्यावर बारीक तार गुंडाळायची आणि वितळलेला डाख भरायचा. डाख कमी तापमानाला वितळतो, त्यामुळे पोलाद मऊ पडत नाही. हा सांधा ९० टक्क्यांपर्यंत जातो. दोन्ही पद्धतींत एक अडचण मात्र समान होती. आतला सांधा नीट झाला आहे की नाही, हे बाहेरून नुसते पाहून समजत नाही. करणाऱ्यावर भरवसा ठेवायचा, एवढेच हाती.

टेलिफोनच्या तारेवरून

पुढचा उपाय विमानाच्या कारखान्यातून आला नाही, तो टेलिफोनच्या खांबांवरून आला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातली नॅशनल टेलिफोन सप्लाय कंपनी टेलिफोनच्या तारा जोडण्यासाठी धातूच्या नळ्या आणि त्या दाबणारी हत्यारे बनवत असे. 'निकोप्रेस' या नावाची ही पद्धत नंतर विमानांच्या केबलींसाठीही वापरली जाऊ लागली.

कृती सोपी आहे. तांब्याच्या लंबगोल नळीतून केबल ओवायची, थिंबलभोवती वळवून टोक परत नळीतून काढायचे आणि सगळे घट्ट ओढून घ्यायचे. मग लांब दांड्यांच्या पकडीने नळी दाबायची. ३.२ मिलिमीटरच्या केबलीसाठी तीन दाब लागतात: पहिला मध्ये, दुसरा थिंबलच्या बाजूला, तिसरा दुसऱ्या टोकाला.

इथे उष्णता नाही, गाठ नाही. मग हा सांधा धरतो कशाने? तांबे पोलादापेक्षा पुष्कळ मऊ असते. दाब पडला की ते थंड असतानाच वाहिल्यासारखे सरकते आणि पेडांमधल्या खाचांत शिरून बसते. केबल ओढली की तांब्याच्या त्या उंचवट्यांना पोलाद अडते, आणि घट्ट दाबामुळे घर्षणही मोठे असते. थिंबलभोवती नीट केलेला असा सांधा केबलच्या पूर्ण ताकदीचा मानला जातो.

दाबल्यानंतर एक छोटे मापक लागते. मापक म्हणजे ठरावीक रुंदीची फट असलेली पट्टी. दाबलेली नळी त्या फटीत गेली तर दाब पुरेसा. अडली तर पकड नीट जुळवायला हवी. नळीच्या टोकाशी केबलवर रंगाची रेघ मारतात. पुढे केबल सरकली तर रेघ ते दाखवते. जुळणीची चाचणी घेताना केबलच्या ताकदीच्या ६० टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे ५४० किलो, भार तीन मिनिटे देतात.

घरी बांधलेली विमाने

फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३४ मध्ये आपल्या चिमुकल्या विमानाचे पुस्तक छापले. ज्याला लाकडी खोके ठोकता येते त्याला हे विमानही बांधता येईल, असा त्यांचा दावा. शेकडो लोक कामाला लागले. पण विमान एका मर्यादेपलीकडे नाक खाली करून सूर मारू लागले की सावरता येत नसे. माणसे मेली. १९३६ मध्ये वातबोगद्यातल्या चाचण्यांत दोष पंखांच्या रचनेत असल्याचे दिसले आणि या विमानांवर बंधने आली. बांधणाऱ्यांच्या उत्साहात कसूर नव्हती. उणीव होती ती आधी तपासून पाहण्याची.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ही हौस पुन्हा वाढली. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना सुरू केली, आणि १९५५ मध्ये विमान कसे बांधावे यावर एका लोकप्रिय मासिकात लेख लिहिले. तिथल्या नियमानुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः केला पाहिजे. आपल्याकडे वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, त्याची अधिकृत नोंदणी २०१७ मध्ये झाली.

अशा माणसाला पाच फेऱ्यांची गुंफण शिकायला बराच काळ लागला असता. पकड, नळी आणि मापक यांनी ते काम त्याच्या आवाक्यात आणले. मात्र पथ्ये पाळावी लागतात. गंजरोधक पोलादाच्या केबलीवर जस्ताचा मुलामा दिलेली तांब्याची नळी घालतात, कारण ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की गंजण्याला वाव मिळतो. आणि कारखान्यात दाबून बसवलेली पोलादी टोकेही अमर नसतात. विशिष्ट जातीच्या गंजरोधक पोलादाच्या टोकांना वर्षानुवर्षांनी तडे जातात असे आढळल्यावर, पंधरा वर्षांनी अशा केबली बदलण्याचा आदेश ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये काढला.

हात आणि मापक

यंत्राने कारागिरी संपवली, असे आपण अनेकदा ऐकतो. या गोष्टीत मात्र थोडे वेगळे दिसते. गुंफणीचे कौशल्य मागे पडले, पण त्याच्या जागी तपासण्याची सवय आली. 'मला जमते' याऐवजी 'मोजून पाहिले' असे म्हणता येऊ लागले, आणि जे मोजता येते ते दुसऱ्यालाही तपासता येते. विमानात बसणाऱ्याचा जीव त्या तपासण्यावर अवलंबून असतो.

मुलांना सायकलच्या ब्रेकची जुनी तार आणून द्या. तिचे टोक कसे अडवले आहे ते पाहू द्या, तारा उलगडून मोजू द्या. मग विचारा: यातली कच्ची कडी कोणती, आणि ती कच्ची आहे हे तुटण्याआधी आपल्याला कसे कळेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुले लवकर देतील. दुसऱ्यावर त्यांना थोडा वेळ द्यावा.