कलमी गुलाब किती खोल लावायचा? एका प्रश्नाची उलटसुलट उत्तरं

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना एक वाक्य आपण सगळेच कधी ना कधी लिहितो: 'या मुद्द्यावर अभ्यासकांमध्ये एकमत नाही.' वाक्य सोपं आहे, सुरक्षित आहे, गाईडही सहसा त्यावर हरकत घेत नाहीत. पण बऱ्याचदा ते लिहून आपण काम अर्धवट सोडलेलं असतं. आज बागकामाच्या इतिहासातलं एक छोटं उदाहरण घेऊ आणि या वाक्याच्या पलीकडे काय असतं ते पाहू.

प्रश्न अगदी साधा आहे. कलमी गुलाब लावताना जोड मातीच्या वर ठेवायचा की मातीत गाडायचा?

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. नर्सरीतून आणलेला कलमी गुलाब म्हणजे खरं तर दोन झाडं असतात. खाली काटक मुळांचा खुंट आणि त्यावर भरलेला हव्या त्या जातीचा डोळा. डोळा भरतात तिथे पुढे गाठीसारखा फुगवटा येतो, तो जोड. आपल्या जातीच्या सगळ्या फांद्या या जोडातून किंवा त्याच्या वरून फुटतात. म्हणून जोड मेला की आपला गुलाब गेला, खालचा खुंट जिवंत असला तरी.

आता सल्ले बघा. 19 व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एका ठराविक खुंटावरच्या गुलाबांसाठी सल्ला असा की जोड दोन-तीन इंच, म्हणजे 5 ते 8 सेंटिमीटर मातीखाली जाऊ द्या. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात 10 ते 15 सेंटिमीटर खोल गाडायला सांगतात. फ्लोरिडात जोड मातीच्या वरच ठेवा म्हणतात. आपल्याकडे महाराष्ट्रातही तो जमिनीच्या थोडा वरच ठेवायची पद्धत आहे.

पहिलं उत्तर लगेच सुचतं: हवामान. थंडी असेल तर गाडा, ऊन असेल तर वर ठेवा. यात तथ्य आहेच. मिनेसोटात कडक हिवाळ्यात पारा उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. उघड्यावरचा जोड तिथे टिकत नाही. मातीखाली काही सेंटिमीटरवर मात्र तापमान इतकं घसरत नाही, आणि वर बर्फाचा थर असेल तर आणखीच कमी घसरतं. म्हणजे इथे माती गोधडीचं काम करते. पण तीही नाजूक जातींना पुरत नाही, म्हणून तिथल्या गुलाबप्रेमींनी 'मिनेसोटा टिप' ही पद्धत काढली. हिवाळ्याआधी झाडाच्या एका बाजूची मुळं सैल करायची, अख्खं झाड चरात आडवं निजवायचं, वर माती आणि पालापाचोळा टाकायचा आणि वसंतात पुन्हा उभं करायचं.

हे सगळं पटतं. पण मग इंग्लंडचं काय? तिथला हिवाळा मिनेसोटाच्या मानाने फारच सौम्य. तरी जोड गाडायला का सांगत होते? हवामानाचं स्पष्टीकरण इथे अडखळतं. अशा जागी थांबायचं असतं. आपलं स्पष्टीकरण जिथे बसत नाही, तिथेच बहुधा दुसरं कारण दडलेलं असतं.

ते कारण खुंटात सापडतं. 'द रोझ ॲमॅच्युअर्स गाईड' (1837) लिहिणारे इंग्लंडमधले नर्सरीवाले थॉमस रिव्हर्स यांनी इटलीतून आलेला मॅनेटी नावाचा खुंट तिथे रुळवला. मॅनेटीची काडी पटकन मुळं धरते, झाड जोमाने वाढतं, म्हणून नर्सरीवाल्यांना तो सोयीचा. पण बागेत त्याच्याबद्दल तक्रारी होत्या. अनेक जातींशी त्याचा जोड फार वर्षं टिकत नसे. शिवाय खुंटाचे फुटवे वरच्या गुलाबासारखेच दिसत, त्यामुळे ते वेळेवर ओळखून काढणं अवघड जाई. यावर तोड काय? जोड मातीत गाडा, म्हणजे वरची जात स्वतःची मुळं सोडेल आणि हळूहळू मॅनेटीची गरजच उरणार नाही. म्हणजे इंग्लंडमधला हा सल्ला मुख्यतः थंडीसाठी नव्हता. तिथे खुंट फक्त सुरुवातीच्या काही वर्षांपुरता हवा होता.

आता याच्या शेजारी फ्लोरिडा ठेवा. तिथली जमीन वाळूची, आणि त्यात मुळं खाणारे सूत्रकृमी. म्हणून तिथे फॉर्च्युनियाना हा खुंट वापरतात. रॉबर्ट फॉर्च्युन यांनी 19 व्या शतकाच्या मध्याला चीनमधून आणलेल्या गुलाबाचा हा खुंट सूत्रकृमींना चांगला तोंड देतो. इथे जोड गाडला तर काय होईल? वरची जात स्वतःची मुळं सोडेल आणि ती नाजूक मुळं सूत्रकृमींच्या तावडीत सापडतील. ज्यासाठी कलम केलं, तेच वाया जाईल.

एकच घटना आहे, वरच्या जातीने स्वतःची मुळं सोडणं. मॅनेटी वापरणाऱ्याला ती हवी होती आणि फॉर्च्युनियाना वापरणाऱ्याला ती नको आहे. दोन्ही सल्ले वनस्पतीबद्दल एकच गोष्ट खरी मानतात, फक्त उद्देश उलटे आहेत. 'एकमत नाही' असं लिहून आपण पुढे गेलो असतो तर हे हातातून निसटलं असतं.

महाराष्ट्रात थंडीचा धोका जवळजवळ नाहीच. आपली अडचण वेगळी. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून राहतं, आणि जोड मातीत असेल तर खुंटाचा फुटवा कोणता हे लवकर कळत नाही. जोड वर असला की त्याच्या खालून निघालेला फुटवा एका नजरेत ओळखता येतो आणि काढून टाकता येतो. उत्तर फ्लोरिडासारखंच, पण कारणं वेगळी. म्हणजे दोन सोर्स एकच गोष्ट सांगत असले तरी कारण तपासावं लागतंच.

आता पुराव्याबद्दल एक धोका. अमेरिकेत जुन्या घरांच्या अंगणात गडद लाल, वर्षातून एकदाच फुलणारा एक गुलाब पुष्कळदा दिसतो. त्याचं नाव 'डॉक्टर ह्युई'. जॉर्ज सी. थॉमस यांनी तयार केलेली ही जात 1920 मध्ये बाजारात आली आणि पुढे खुंट म्हणून प्रचंड वापरली गेली. नुसत्या बागा फिरून कोणी लिहिलं की त्या काळात लोकांना हा लाल गुलाब फार आवडायचा, तर ते बऱ्याच ठिकाणी चुकीचं ठरेल. त्या लोकांनी पिवळा, गुलाबी, पांढरा असा दुसराच गुलाब लावला होता. तो मेला आणि खालचा खुंट वाढत राहिला. जे टिकलं तेच मुळात होतं असं धरून चालणं ही इतिहासातली फार जुनी चूक आहे, आणि अभिलेखागारात बसल्यावरही ती होते.

शेवटचा टप्पा कॅनडाचा. ओटावात फेलिसिटास स्वेज्दा यांनी कृषी खात्यासाठी 'एक्सप्लोरर' मालिकेतले काटक गुलाब तयार केले. 'मार्टिन फ्रॉबिशर' 1968 मध्ये आला, 'जॉन कॅबट' 1978 मध्ये. हे गुलाब काडीपासून, स्वतःच्याच मुळांवर वाढवता येतात. थंडीने वरचा भाग जळला तरी जमिनीतून पुन्हा तीच जात फुटते. जोडच नाही, त्यामुळे तो किती खोल हा प्रश्नही नाही. कधी कधी जुना वाद असाही संपतो. कोणी जिंकत नाही, प्रश्न ज्यावर उभा होता ती गोष्टच बाजूला होते.

तेव्हा पुढच्या वेळी दोन सोर्स एकमेकांच्या विरुद्ध बोलताना दिसले, तर त्यांची सरासरी काढू नका आणि नवीन आहे म्हणून त्यातलं एक निवडूही नका. आधी तीन गोष्टी वहीत लिहा: लेखक कुठे बसून लिहितोय, त्याच्या हातात कोणतं साहित्य आहे, आणि त्याला नेमकी कशाची भीती आहे. जुन्या पुस्तकांत हे सरळ लिहिलेलं नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हिवाळी तापमानाच्या पट्ट्यांचा नकाशाच 1960 चा, त्यामुळे आधीचा लेखक 'माझा पट्टा अमुक' असं सांगणार नाही. त्याचं गाव, त्याचा खुंट आणि त्याचा हिवाळा आपल्यालाच शोधावा लागतो. ते शोधून झाल्यावरही मतभेद उरला, तर 'एकमत नाही' हे वाक्य खुशाल लिहा.