हरितक्षेत्रे, नागरी (पुणे–मुळशी परिसर)

वाढत्या शहरात उद्याने, वृक्षराजी, टेकड्या आणि नद्या-तलावांचे काठ यांसाठी राखून ठेवलेली मोकळी जमीन म्हणजे नागरी हरितक्षेत्र होय. अशा जागांची आखणी पूर्वी राज्यकर्ते व अभियंतेच करीत. तीत नागरिकांचा वाटा कसा निर्माण झाला, हे पुणे शहर आणि त्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुका यांच्या इतिहासावरून दिसते.

भारतातील पहिला नगररचना अधिनियम मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. त्याच सुमारास भारतात आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांनी आराखड्यात लोकांच्या सहभागाला महत्त्व दिले. होळकरांच्या इंदूर संस्थानासाठी अहवाल (१९१८) तयार करीत असता त्यांनी दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ वस्त्यांतून नेण्याचे ठरविले व तीत तुळशीची रोपे वाटविली. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेच्या मसुद्यावर हरकती व सूचना मांडण्याचा हक्क नागरिकांना मिळाला.

पुण्यात या हक्काचा विशेष उपयोग टेकड्यांच्या बाबतीत झाला. १९९७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी तेवीस गावांच्या विकास योजनेत सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण सुचविण्यात आले. नागरिकांच्या संघटनांनी त्याचा पाठपुरावा केला. मोबदल्याच्या प्रश्नावरून जमीनमालकांनी विरोध केला. राज्यशासनाची मंजुरी २०१५ मध्ये मिळाली. मंजुरीनंतरही भूसंपादन व अतिक्रमण हे प्रश्न सुटले नाहीत. दरम्यान वारजे येथील १६·८ हेक्टरांच्या उजाड टेकडीवर वन विभाग व नागरिक यांनी मिळून वन उभे केले. ५ जून २०२० रोजी केंद्र शासनाने नगरवन योजना जाहीर करताना ते आदर्श म्हणून मांडले.

मुळशी तालुक्याचा अनुभव याहून वेगळा आहे. टाटांच्या धरणासाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनींविरुद्ध सेनापती बापट (१८८०–१९६७) यांच्या नेतृत्वाखाली येथे मुळशी सत्याग्रह (१९२१–२४) झाला. परंतु धरण झाले व गावे बुडाली. पुढे मोसे खोऱ्यात लवासा हे नियोजित गिरिनगर उभे राहू लागले. तेथे नियोजनाचे अधिकार २००८ मध्ये विकासक कंपनीकडेच विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून देण्यात आले. त्याचे काम नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने थांबविले व वर्षभराने सशर्त परवानगी दिली. आराखड्यावर रेखाटलेली हिरवाई आणि स्थानिकांच्या संमतीने राखलेली हिरवाई यांतील अंतर या घटनांतून लक्षात येते.

३० जून २०२१ रोजी सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही मुळशीतील गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. भूकूमजवळ खाटपेवाडी येथे उगम पावणारी रामनदी भूगाव, बावधन व पाषाण या मार्गाने मुळेस मिळते. उगमाकडील डोंगरउतार बांधकामाखाली गेल्यास शहरातील नदीकाठ हिरवा राहू शकत नाही. त्यामुळे हरितक्षेत्रांच्या आखणीत शहरवासीयांबरोबरच उगमाकडील शेतकरी व गुराखी यांचे मतही निर्णायक ठरते.