प्रेशर कुकर

प्रेशर कुकर हे घट्ट झाकणाचे, आत वाफेचा दाब साठवून अन्न लवकर शिजवणारे भांडे आहे. मराठीत त्याला नुसते 'कुकर' म्हणतात. डाळ, तांदूळ व पाणी घालून तो विस्तवावर ठेवण्याच्या क्रियेला 'कुकर लावणे' असा वाक्प्रचार रूढ झाला आहे. महाराष्ट्रातील शहरी व ग्रामीण अशा दोन्ही स्वयंपाकघरांत वरण-भात, उसळी, बटाटे आणि मांसाहारी रस्से यांसाठी त्याचा उपयोग होतो. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात अशा कुटुंबात वेळ वाचवणारे पहिले उपकरण म्हणून बहुधा कुकरचाच विचार होतो. प्रस्तुत लेखात कुकरचे शास्त्र, इतिहास, निवड आणि सुरक्षितता यांची माहिती दिली असून पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात त्याच्या उपयोगाचा विचार केला आहे.

कार्यतत्त्व

उघड्या भांड्यातील पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. एकदा पाणी उकळू लागले की विस्तव कितीही मोठा केला तरी त्याचे तापमान वाढत नाही; जादा उष्णतेने फक्त वाफ अधिक होते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने उत्कलनबिंदूही खाली येतो. पुणे जिल्ह्याचा पठारी भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० ते ६०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे तेथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते.

कुकरमध्ये वाफेला बाहेर पडण्यास वाट नसते. आतील दाब वाढतो आणि त्याबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही वर चढतो. घरगुती कुकरमध्ये हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅमने अधिक असतो आणि पाण्याचे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत पोहोचते. अन्न शिजताना घडणाऱ्या अनेक रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून वीस-बावीस अंशांच्या वाढीने शिजण्याचा काळ साधारणपणे एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांश इतका कमी होतो.

आतील दाब झाकणावरील वजनामुळे, म्हणजे शिट्टीमुळे, मर्यादित राहतो. दाब ठरावीक पातळीपलीकडे गेला की वाफ ते वजन उचलून बाहेर पडते, दाब उतरतो आणि वजन पुन्हा बसते. यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला, पूर्ण दाब आल्यावर आच मंद करावी. मोठ्या आचेने अन्न लवकर शिजत नाही, केवळ इंधन व पाणी वाया जाते. दुसरा, शिट्ट्यांची संख्या हे वेळेचे खात्रीचे माप नव्हे. आच, कुकरचा आकार आणि वजनाचा प्रकार यांनुसार एकाच वेळात दोन शिट्ट्या होतील किंवा सहाही होतील. पूर्ण दाब आल्यापासून घड्याळाने मिनिटे मोजणे ही अधिक विश्वसनीय पद्धत आहे.

इतिहास

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ डेनिस पापँ याने १६७९ मध्ये लंडन येथे वाफेच्या दाबावर चालणारे 'डायजेस्टर' नावाचे भांडे तयार केले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून त्याने त्याला सुरक्षा झडप बसवली. ही झडप पुढे वाफेच्या यंत्रांच्या इतिहासातही महत्त्वाची ठरली. घरगुती वापराचे सुटसुटीत कुकर मात्र विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत प्रचारात आले.

भारतात १९१० मध्ये बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. एकावर एक ठेवलेल्या डब्यांत भात, डाळ व भाजी एकाच वेळी वाफेवर शिजवण्याची ती योजना होती. त्यात आजच्या कुकरसारखा उच्च दाब नसला तरी एकाच विस्तवावर अनेक पदार्थ शिजवण्याची कल्पना तीच होती.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मुंबईत एच. डी. वासुदेव यांनी पुढे 'हॉकिन्स' या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी स्थापन केली. त्याच सुमारास दक्षिण भारतात टीटीके समूहाने 'प्रेस्टिज' कुकरचे उत्पादन सुरू केले. तोपर्यंत मराठी घरांत भात पातेल्यात आधण ठेवून शिजवला जाई किंवा वेळून घेतला जाई, आणि डाळ चुलीच्या वैलावर बराच वेळ शिजत ठेवली जाई. कुकरमुळे या दोन्ही कामांसाठी सतत चुलीजवळ थांबण्याची गरज उरली नाही.

शिरूर व दौंड परिसरातील उपयोग

शिरूर हे घोड नदीकाठचे गाव पुणे-अहिल्यानगर महामार्गावर आहे. या तालुक्यातील रांजणगाव येथे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे मंदिर आहे, तसेच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे. एलजी, व्हर्लपूल आणि हायर या घरगुती उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांचे कारखाने येथे आहेत. दौंड हे मनमाड, सोलापूर, बारामती व पुणे या दिशांचे लोहमार्ग एकत्र येणारे जंक्शन आहे. तालुक्यातील कुरकुंभ येथे रासायनिक उद्योगांची वसाहत आहे. दौंडहून पुण्याकडे रोज ये-जा करणारा नोकरदार वर्गही मोठा आहे.

पाळ्यांमध्ये चालणारे कारखाने आणि रेल्वेचे वेळापत्रक यांमुळे येथील अनेक घरांचा दिवस पहाटे सुरू होतो. सकाळी पाळीवर जाणाऱ्याचा डबा, मुलांचा शाळेचा डबा आणि घरी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांचे जेवण ही तिन्ही कामे तास-दीड तासात उरकावी लागतात. अशा वेळी एखाद्या पदार्थाला एकूण किती मिनिटे लागतात यापेक्षा त्यातील किती मिनिटे माणसाला विस्तवाजवळ उभे राहावे लागते, हा हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो.

या भागाच्या आहारात ज्वारी-बाजरीच्या भाकरीला मानाचे स्थान आहे. भाकरी थापणे व भाजणे हे पूर्णतः हाताचे काम आहे आणि कुकर त्यात काहीच मदत करत नाही. मात्र मटकी, हुलगे, हरभरा व तूर ही बराच वेळ घेणारी कडधान्ये कुकरमध्ये शिजत असताना तेच हात भाकरीसाठी मोकळे राहतात. कुकरची खरी उपयुक्तता या समांतर कामात आहे.

पाण्याचा गुणधर्मही येथे विचारात घ्यावा लागतो. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी दुष्फेन, म्हणजे क्षारयुक्त, असेल तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे कडधान्याची पेशीभित्तिका लवकर मऊ होत नाही. 'डाळ शिजत नाही' या तक्रारीचे कारण पुष्कळदा कुकरमध्ये नसून पाण्यात किंवा जुन्या डाळीत असते. कडधान्य रात्री भिजत घालणे, शक्य असल्यास कमी क्षारांचे पाणी वापरणे आणि चिंच, कोकम किंवा टोमॅटो यांसारखे आंबट पदार्थ डाळ शिजल्यानंतर घालणे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

निवडीचे निकष

आकारमान : दोन-तीन माणसांसाठी ३ लिटर आणि चार-पाच माणसांसाठी ५ लिटर क्षमता साधारणतः पुरते. वरण, भात व बटाटे वेगवेगळ्या डब्यांत एकाच वेळी लावायचे असल्यास उभट कुकर सोयीचा ठरतो. उसळ किंवा रस्सा थेट कुकरमध्येच फोडणी देऊन करायचा असल्यास पसरट कुकर बरा. एकच मोठा कुकर घेण्याऐवजी एक ५ लिटरचा व एक २ किंवा ३ लिटरचा असे दोन कुकर असल्यास सकाळचे काम अधिक विभागता येते.

धातू : अॅल्युमिनियमचे कुकर स्वस्त व हलके असून लवकर तापतात. कठीण लेप दिलेल्या अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमवर आंबट पदार्थांचा परिणाम कमी होतो. स्टेनलेस स्टील टिकाऊ असले तरी उष्णता सर्वत्र सारखी पोहोचावी म्हणून त्याचा तळ जाड, थर दिलेला असावा. इंडक्शन शेगडीवर साधा अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. त्यासाठी चुंबकाला चिकटणारा तळ लागतो.

झाकण : आतून बसणारे झाकण दाब असेपर्यंत सहसा उघडता येत नाही. बाहेरून बसणारे झाकण लावण्यास सोपे असते व डब्यांना जागा अधिक मिळते. वयस्कर माणसे किंवा मोठी मुले कुकर हाताळणार असतील तर झाकण त्यांच्याकडून एकदा लावून-काढून पाहणे श्रेयस्कर.

सुटे भाग : रिंग, शिट्टी व सुरक्षा झडप हे भाग झिजतात. ते मूळ कंपनीचे आणि गावातील भांड्यांच्या दुकानात मिळणारे असावेत. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीची सोय नसलेला महाग कुकर काही महिन्यांत अडगळीत जाण्याचा संभव असतो.

विद्युत कुकर : २०१० मध्ये कॅनडात 'इन्स्टंट पॉट' बाजारात आल्यानंतर वीजेवरचे, वेळ लावून ठेवता येणारे कुकर जगभर लोकप्रिय झाले. शिजल्यावर ते आपोआप थांबतात व अन्न गरम ठेवतात. कुकर लावून दुसऱ्या खोलीत मुलांची तयारी करता येते, हा त्यांचा मोठा लाभ आहे. मात्र बहुतेकांतील दाब शेगडीवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, दाब चढण्यास व उतरण्यास वेळ लागतो आणि वीज गेल्यास काम अडते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात तो दुसरा कुकर म्हणून ठीक, एकमेव कुकर म्हणून नव्हे. अशा काही उपकरणांत मंद आचेवर तासन्‌तास शिजवण्याचीही सोय असते. राजमा त्या पद्धतीने शिजवू नये. त्यातील विषारी द्रव्य कमी तापमानाला नष्ट होत नाही, नीट उकळून किंवा दाबाखाली शिजवल्यासच नष्ट होते.

सुरक्षितता आणि मानके

भारतात घरगुती प्रेशर कुकरसाठी भारतीय मानक ब्युरोचे 'आयएस २३४७' हे मानक आहे. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ फेब्रुवारी २०२१ पासून या मानकाचे पालन बंधनकारक झाले असून आयएसआय चिन्हाशिवाय कुकर विकता येत नाही. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे कुकर विकल्याबद्दल काही मोठ्या ऑनलाइन विक्री मंचांवर दंडात्मक कारवाई केली. म्हणून आठवडे बाजारातून असो वा ऑनलाइन, कुकर घेताना चिन्ह व त्याखालील परवाना क्रमांक पाहून घेणे आवश्यक आहे.

बहुतेक अपघात पुढील नियम न पाळल्यामुळे संभवतात :

वाफेची नळी प्रत्येक वेळी उजेडाकडे धरून मोकळी आहे का ते पाहावे. डाळीची साले किंवा भाताची पेज अडकून नळी बंद झाल्यास शिट्टी निरुपयोगी ठरते.

कुकर दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. डाळ-तांदूळ थेट शिजवताना ते फुगतात व त्यांना फेस येतो, म्हणून अर्ध्यापेक्षा अधिक भरू नये.

पाण्याशिवाय कुकर तापवू नये. पाणी संपून तापमान फार वाढल्यास सुरक्षा झडपेतील धातू वितळून वाफेला वाट मिळते. वितळलेल्या झडपेच्या जागी खिळा, स्क्रू किंवा चिंधी बसवणे अत्यंत धोक्याचे आहे.

वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण उघडू नये. घाईच्या वेळी हाच नियम मोडला जातो. झाकण सहज निघत नसेल तर आत दाब आहे असे समजावे.

रिंग कडक झाली, तडकली किंवा बाजूने वाफ येऊ लागली की बदलावी.

इतर उपकरणांशी तुलना

स्वयंपाकघरातील प्रत्येक उपकरण वेगळ्या प्रकारचा वेळ वाचवते. मिक्सर वाटण्याचे श्रम वाचवतो. मुंबईत १९६३ मध्ये सत्यप्रकाश माथूर यांनी सुरू केलेल्या उद्योगातून आलेल्या 'सुमीत' मिक्सरने पाटा-वरवंट्याचे काम पुष्कळ कमी केले. रेफ्रिजरेटरमुळे आदल्या दिवशीची पूर्वतयारी टिकते. मायक्रोवेव्ह शिजवलेले अन्न झटपट गरम करतो, परंतु कोरडी कडधान्ये शिजवण्याचा काळ त्याने फारसा घटत नाही. रोजच्या आहारात डाळ-भात व उसळ असलेल्या कुटुंबाला कमी खर्चात अधिक वेळ कुकरच वाचवून देतो.

सामाजिक बाजू

उपकरण आले की घरकाम कमी झाले, असे सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले आहे, की यंत्रांमुळे घरकामाचे कष्ट कमी झाले तरी अपेक्षा वाढल्या आणि गृहिणीचा वेळ मात्र तितकाच खर्च होत राहिला. भारत सरकारच्या २०१९ मधील कालवापर सर्वेक्षणानुसार घरगुती विनावेतन काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. स्त्री नोकरीसाठी घराबाहेर पडली तरी पहाटेचा कुकर बहुधा तीच लावते. कुकर वापरण्यास विशेष कौशल्य लागत नाही. डाळ-तांदूळ धुऊन प्रमाणशीर पाणी घालणे, नळी तपासणे व मिनिटे मोजणे हे घरातील कोणत्याही प्रौढाला एका दिवसात शिकता येते. त्यामुळे कुकर केवळ काही मिनिटे वाचवतो असे नाही. स्वयंपाकाचे काम वाटून घेणेही तो सोपे करतो. त्याचा लाभ घेणे मात्र त्या त्या घरावर अवलंबून असते.