नुसतं चालायचं, त्यात खेळ कसला?

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण किल्ल्यांचा किंवा तहांचा नाही. तुमच्या घरात टीव्हीसमोर जो कंट्रोलर पडलेला असतो ना, त्याच्या इतिहासातलं एक भांडण आज सांगायचं आहे.

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्यातल्या बहुतेक आईबाबांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. पोरगा हेडफोन लावून बसलाय, पडद्यावर गोळीबार चाललाय आणि जेवायला पाचव्यांदा हाक मारली तरी उत्तर नाही. पण गेली दहा-पंधरा वर्षं अमेरिकेत एका वेगळ्याच प्रकारच्या गेमवरून वाद चालू आहे. या गेममध्ये गोळीबार नसतो, गुण नसतात, बऱ्याचदा हरणं-जिंकणंही नसतं. तुम्ही चालता. एखादं रिकामं घर, एखादं बेट, एखादं जंगल. वाटेत चिठ्ठी सापडते, ती वाचता. खण उघडता, त्यात जुना फोटो निघतो. असं करत करत एक गोष्ट उलगडते आणि दोन ते पाच तासांत गेम संपतो.

अशा गेमना नाव पडलं ‘वॉकिंग सिम्युलेटर’. विमान उडवण्याचा सराव देतो तो फ्लाइट सिम्युलेटर, तसा हा चालण्याचा सिम्युलेटर. म्हणजे जे दोन पायांनी फुकट करता येतं ते पैसे मोजून, बटणं दाबून करायचं! नाव म्हणजे सरळसरळ टोमणा होता. पुढे तोच टोमणा ओळख म्हणून रूढ झाला, आणि आज दुकानात गेमच्या पाटीवर तो बिनदिक्कत लावलेला दिसतो.

टोमणा मारणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकू या, कारण ती अगदीच पोकळ नाही. त्यांचे मुद्दे दोन. पहिला असा की खेळ म्हणजे खेळणाऱ्याच्या निर्णयाला किंमत हवी. मी चुकलो तर हरायला हवं, शिकलो तर पुढे जायला हवं. ठरलेल्या वाटेनं चालत कुणाची तरी गोष्ट ऐकायची असेल तर सिनेमा काय वाईट? दुसरा मुद्दा पैशांचा. ६० डॉलरचा गेम महिनाभर पुरतो आणि हा २० डॉलरचा गेम एका संध्याकाळी संपतो. तासाला किती डॉलर पडले, हा हिशेब. माझ्यासारख्या तासावर बिल लावणाऱ्या कन्सल्टंटला ही भाषा चांगलीच ओळखीची आहे. २०१५ च्या जूनमध्ये ‘स्टीम’ या सर्वांत मोठ्या ऑनलाइन गेमच्या दुकानानं नियम केला, की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. ग्राहकासाठी उत्तम नियम. पण ज्याचा गेमच दीड तासाचा आहे त्यानं काय करायचं? पुस्तक वाचून झाल्यावर दुकानात परत देण्यासारखंच झालं ते.

आता मागे जाऊ या. ‘चालणं म्हणजे खेळ नव्हे’ असं म्हणणाऱ्यांना इतिहास फारशी साथ देत नाही.

१९७० च्या दशकाच्या मध्यात मॅसॅच्युसेट्समध्ये विल क्राउदर नावाचा प्रोग्रॅमर होता. इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट, तो उभारणाऱ्या चमूतला माणूस. त्याचा दुसरा छंद म्हणजे गुहा धुंडाळणं. केंटकीतली मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा. तिच्या एका भागात तो बायकोबरोबर उतरायचा, नकाशे काढायचा. मग घटस्फोट झाला. मुलींशी जवळीक राहावी, त्यांना आवडेल असं काहीतरी करावं म्हणून त्यानं कामावरच्या मोठ्या संगणकावर एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं. संगणक शब्दांत सांगायचा की तुम्ही कुठे उभे आहात, आणि तुम्ही उत्तरेला जा, खाली उतर, दिवा घे असे एक-दोन शब्द टाइप करायचे. पुढे १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सनी त्यात बरीच भर घातली आणि तो ‘कलॉसल केव्ह अॅडव्हेंचर’ म्हणून नेटवर्कवर सगळीकडे पसरला. त्यात कोडी होती, कुऱ्हाड फेकणारे बुटकेही होते. पण मुळात तो होता एका बापानं मुलींना शब्दांतून घडवलेला गुहेतला फेरफटका. अॅडव्हेंचर गेमची सगळी वंशावळ इथून सुरू होते.

पुढचा टप्पा १९९३. त्या एकाच वर्षी अमेरिकेत दोन गेम आले आणि दोन वाटा फुटल्या. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनजवळच्या रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा ‘मिस्ट’ आला. एक निर्मनुष्य बेट, स्थिर चित्रं, वाऱ्या-पाण्याचे आवाज, आणि पुस्तकांत दडलेली एका बापाची व दोन मुलांची गोष्ट. घाई नाही, मरण नाही. डिसेंबरमध्ये टेक्सासहून ‘डूम’ आला. तिथे पडद्याच्या तळाशी तुमच्या हातातली बंदूक दिसते आणि समोरून राक्षस येतात. ‘मिस्ट’ला तेव्हाही काहींनी ‘स्लाइड शो’ म्हणून हिणवलं, पण त्याच्या ६० लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि २००२ मध्ये ‘द सिम्स’नं मागे टाकेपर्यंत तो पीसीवरचा सर्वाधिक खपाचा गेम होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये पहिले १४ गेम संग्रहात घेतले, त्यात ‘मिस्ट’ आहे.

गंमत अशी की आजचे चालण्याचे गेम घडले ते ‘डूम’च्या वाटेवरच्या तंत्रातून. बंदुकीच्या गेममध्ये कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या जागी असतो. भिंती, जिने, प्रकाश, पावलांचे आवाज हे सगळं कलाकार मेहनतीनं रचतात, पण शत्रू अंगावर येत असल्यानं भिंतीवर काय टांगलंय ते बघायला तुम्हाला फुरसत नसते. मग कुणीतरी विचार केला, की बंदूक काढून घेतली तर काय उरतं?

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक यांनी नेमका हा प्रश्न संशोधनासाठी घेतला. ‘हाफ-लाइफ २’ या अमेरिकन गेमचं यंत्र वापरून २००८ मध्ये त्यांनी ‘डिअर एस्थर’ केला. स्कॉटलंडकडचं एक ओसाड बेट, एक माणूस पत्रं वाचतोय, आणि तुम्ही चालताय. धावायचं बटणसुद्धा नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत तो विकायला आला तेव्हा गुंतवलेले पैसे सहा तासांच्या आत वसूल झाले. गिऱ्हाईक होतं, हे सिद्ध झालं.

मग पोर्टलंड, ओरेगन. ‘बायोशॉक २’ या मोठ्या गोळीबाराच्या गेमवर काम केलेली काही मंडळी नोकरी सोडून एकाच भाड्याच्या घरात राहू लागली आणि तिथेच त्यांनी २०१३ मध्ये ‘गॉन होम’ पूर्ण केला. जून १९९५ ची पावसाळी रात्र. केटी वर्षभर युरोपात फिरून ओरेगनला परत येते. ती नसताना घरच्यांनी घर बदललंय, त्यामुळे हे घर तिलाही नवीन. घरात कुणीच नाही. दिवे लावत, खोल्या उघडत तिला शोधायचंय की सगळे गेले कुठे. बाहेर वीज कडाडते, म्हणून खेळणाऱ्याला वाटतं की आता भूत निघणार. निघतं ते वेगळंच. लेखक असलेल्या वडिलांची न चाललेली पुस्तकं, आईवडिलांच्या संसारातला ताण आणि धाकट्या बहिणीच्या, सॅमच्या नोंदी. सॅमचं शाळेतल्या एका मुलीवर प्रेम आहे आणि आईवडील ते मान्यच करत नाहीत. काही समीक्षकांनी ‘गॉन होम’ला १० पैकी १० दिले. साध्या खेळाडूंच्या मतांत मात्र उभी फूट पडली. दुकानात लोकांना आपल्या मनाच्या पाट्या लावायची सोय मिळाल्यावर कुणी त्याला ‘हा गेमच नाही’ अशी पाटी लावली.

वाद इतका कडवट का झाला? कारण तो फक्त बटणांचा नव्हता. २०१० मध्ये सिनेसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी गेम कधीच कला होऊ शकत नाहीत असं लिहून आधीच आग लावली होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला, की पुस्तकं-नाटकांप्रमाणे गेमनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. कोर्टात प्रश्न सुटला, पण घराघरात सुटला नाही. वर्षानुवर्षं गेम हे आपलं अंगण मानणाऱ्या तरुणांना वाटलं की बाहेरचे येऊन नियम बदलतायत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘गेमरगेट’चं वादळ उठलं तेव्हा अनेक स्त्री निर्मात्यांना आणि समीक्षकांना धमक्या आल्या, काहींना घर सोडावं लागलं. ‘हा गेम आहे का’ या साध्या प्रश्नामागे ‘इथे कुणाच्या गोष्टीला जागा आहे’ हा प्रश्न दडलेला होता.

तोवर चांगल्या निर्मात्यांनी टीकेतला खरा भाग उचलला होता. खेळणाऱ्याच्या हातांना काय काम द्यायचं, हा तो भाग. २०१६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा ‘फायरवॉच’ घ्या. यलोस्टोनच्या शेजारच्या शोशोनी नॅशनल फॉरेस्टमध्ये, १९८९ सालच्या उन्हाळ्यात, वणव्यावर नजर ठेवणारा एक माणूस मनोऱ्यात राहतो. आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, यलोस्टोनचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग खरोखर आगीच्या तावडीत सापडला होता. तुम्ही जंगल तुडवता आणि वॉकीटॉकीवर वरिष्ठ बाईंना काय उत्तर द्यायचं ते निवडता. गप्प राहणं हेही उत्तरच.

किंवा २०१७ चा ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’. त्यात मासे डबाबंद करायच्या कारखान्यातल्या एका तरुणाचा प्रसंग आहे. एका हातानं तुम्ही एकसारखे मासे कापत राहता आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं त्याच्या कल्पनेतल्या राज्यात फिरता. हळूहळू ते राज्य अख्खा पडदा व्यापतं, पण एक हात मासे कापतच असतो. मन कामातून उडून जाणं म्हणजे काय, हे बोटांना कळतं. सिनेमाला हे जमणार नाही. पुढच्या वर्षी या गेमनं ‘झेल्डा’ आणि ‘मारिओ’ला मागे टाकून बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार घेतला.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. २०१५ चा ‘सनसेट’ जेमतेम ४,००० प्रती खपून बसला आणि त्याच्या बेल्जियन निर्मात्यांनी विक्रीसाठी गेम करणंच सोडलं. कंटाळवाणे चालण्याचे गेमही भरपूर आहेत. नुसतं हळू चालल्यानं गोष्ट खोल होत नाही.

आपल्याला हा प्रकार अगदीच परका वाटायचं कारण नाही. १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. ते लढले नाहीत. ते चालले, लपले, बघत राहिले आणि परत आल्यावर काही वर्षांनी लिहून ठेवलं. १९०७ मध्ये ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं गेलं. त्या लढाईत गोडसे भटजींनी काय ‘केलं’ असा हिशेब मांडला तर उत्तर शून्य येईल. पण त्यांच्या चालण्या-बघण्यामुळेच आपल्याला ती झाशी दिसते.

म्हणून मला वाटतं की खेळाची व्याख्या ताणत बसण्यापेक्षा हा गेम माझ्याकडून काय करून घेतो, हे विचारावं. चांगला चालण्याचा गेम लक्ष देऊन बघायला लावतो. वस्तूंवरून माणसं ओळखायला लावतो. आणि हे काम परदेशातल्या मराठी घरांना चांगलंच ठाऊक आहे. सांगलीचं किंवा डोंबिवलीचं घर बंद करायला दोन आठवड्यांची रजा काढून जायचं, कपाटं उघडायची आणि आईच्या हिशेबाच्या वहीत तिनं कधीच न बोलून दाखवलेलं काहीतरी सापडायचं. ‘गॉन होम’ त्याच जातीचा आहे. फरक एवढाच की त्या घरात शोधली जाते ती सोळा-सतरा वर्षांची मुलगी, जिचं घरच्यांनी ऐकून घेतलं नाही. आपल्या घरातही त्या वयाची मुलं आहेत.

तेव्हा एखाद्या लाँग वीकेंडला करून बघा. एकट्यानं नको, सोफ्यावर सगळ्यांनी बसून. कंट्रोलर मुलांकडे द्या, चिठ्ठ्या तुम्ही मोठ्यानं वाचा, आणि कुठल्या खोलीत जायचं ते आजीला ठरवू द्या. हरायची भीती नसल्यानं मध्येच थांबून ‘ही बाई असं का वागली असेल?’ यावर वाद घालता येतो. फक्त खोक्यावरचं वयाचं चिन्ह आधी बघा. ‘फायरवॉच’ १७ वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि ‘एडिथ फिंच’मध्ये लहान मुलांचे मृत्यूही येतात. पहिल्यांदा काहीतरी हलकं हवं असेल तर २०२३ चा टोरोंटोत तयार झालेला ‘वेंबा’ घ्या. त्यात चालणं नाही, स्वयंपाक आहे. कॅनडात आलेली एक तमिळ आई, तिच्या आईची डाग पडलेली पाककृतींची वही, आणि भाषेपासून दूर जाणारा मुलगा. दीडेक तासात संपतो.

आणि संपल्यावर मुलांनी विचारलं, ‘आपल्या घराचा असा गेम केला तर कुठल्या खोलीत काय सापडेल?’ तर उत्तर द्यायला वेळ काढा.