मोडीच्या भावातला इतिहास

जुन्या बाजारात काही घ्यायचं ठरवून जाऊ नये. गेलात तर वैतागून परत याल. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी कितीतरी रविवार नुसते हिंडून घालवले. पोत्यांवर मांडलेले पाने-पक्कड, बंद पडलेली घड्याळं, ढब्बू पैसे, आणि मध्येच एखादा पितळी तांब्या. तांब्या दिसला की मी आधी त्यावरचं नाव वाचतो. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची रीतच होती. एकदा एक विक्रेता म्हणाला, "नाव नसतं तर जास्त आले असते साहेब. घासून देऊ का?" नको म्हटलं.

लग्नातला तांब्या बाजारात येतो कसा? माझ्या मते याला गरिबीपेक्षा स्टेनलेस स्टील जास्त जबाबदार आहे. पितळेच्या भांड्याला कल्हई लागते. ती उडाली की आंबटवरण कळकलंच. १९६०-७० च्या दशकांत स्टील घरोघर आलं आणि ही कटकट संपली. बोहारीण जुने कपडे घेऊन स्टीलचं पातेलं देऊ लागली, आणि फळीवरचं पितळ मोडीत निघालं. मोड म्हणजे निव्वळ वजन. घडण, नक्षी, नाव, कशालाच किंमत नाही.

याच्या कितीतरी आधी, १९२० च्या सुमारास, पुण्यातल्या एका माणसानं असल्या वस्तू जमवायला सुरुवात केली होती. दिनकर केळकर (१८९६-१९९०). घरचा धंदा चष्म्यांचा, आणि 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे यांनी दप्तरं धुंडाळून कागद वाचवले, ते मोठंच काम. पण अडकित्ता, वज्री, कुंकवाचा करंडा, दौत, समई यांना इतिहास म्हणायचं त्या काळी कुणाला सुचणार? केळकर गावोगाव फिरले, पदरचे पैसे घालून वस्तू आणत राहिले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. संग्रह पुढे २०,००० च्या घरात गेला, आणि तो त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला. शनिपाराजवळच्या त्या वाड्यात मी अजूनही अडकित्त्यांपाशी सगळ्यात जास्त रेंगाळतो. मोर काय, पोपट काय, सुपारी कातरायला एवढा थाट!

हे सगळं बघताना हळहळ वाटते, की लोकांनी काय काय भंगारात घातलं. पण ही हळहळ भांडी न घासणाऱ्याची आहे, हेही खरं. संग्रहालयातल्या पाटीवर वस्तू, धातू, प्रांत, शतक एवढं असतं. तांब्यावर देणाऱ्याचं नाव असतं. चिंच आणि राख घेऊन जिनं तो चाळीस वर्षं लखलखीत ठेवला, तिचं नाव कुठंच नसतं.

आमच्या आजीनं तिची पितळी पातेली मोडीत घातली तेव्हा मी बरोबर होतो. त्यातली दोन तिच्या माहेरची होती. मला वाटलं, ती एकदा तरी हातात घेऊन बघेल. तिनं फक्त तराजूचा काटा नीट बघितला.